एका कृश झालेल्या गृहस्थाचें उत्तर

दुसऱ्याच्या मिळकतीविषयीं किंवा घरगुती सुखदुःखांविषयीं तोंडावर बोलतांना सभ्य मनुष्य थोडा तरी थबकतो. दुसऱ्याच्या शरीराविषयीं बोलतांना मात्र तो थबकत नाहीं. शरीर सर्वांना उघड दिसतें, तेव्हां त्याविषयीं बोलण्यास आडकाठी कसली, अशी बहुतेकांची समजूत दिसते. त्यांतून एखादा मनुष्य थोड्या महिन्यांत ठळकपणें बारीक झालेला दिसला, कीं मग विचारावयास नको. लग्नमंडप असो, आगगाडीचें स्थानक असो, कीं कोणाच्या घरचा श्राद्धाचा दिवस असो, पहिला विषय त्याच्या उतरलेल्या अंगाचा निघतो. कोणी वाखाणतो, कोणी कळवळतो, कोणी कारण विचारतो, कोणी उपाय विचारतो, आणि कोणी थट्टा करून मोकळा होतो. या सर्वांना त्या बिचाऱ्यानें काय उत्तर द्यावें? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांत मनुष्यस्वभावाचा बराच मोठा भाग सांपडतो. त्या इतिहासांतील एका अगदीं साध्या गृहस्थाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहूं. अंग उतरण्याला मराठींत शब्दांची वाण नाहीं. मनुष्य वाळतो, सुकतो, खंगतो, रोडावतो, त्याचा हाडांचा सांपळा होतो. यांतील एकहि शब्द स्तुतीचा नाहीं. ‘सडपातळ’, ‘शेलाटा’, ‘सडसडीत’ हे शब्द गौरवाचे खरे. पण ते जो मुळांतच तसा आहे त्याच्याविषयींचे. जो स्थूल होता आणि आतां राहिला नाहीं, त्याच्या अभिनंदनाला असा घरगुती शब्द आपल्या पूर्वजांनीं घडविलेला दिसत नाहीं. याचें कारण दूर शोधावयास नको. ज्या समाजानें १८७६ ते १८७८ या वर्षांतला दख्खनचा भयंकर दुष्काळ पाहिला, १८९६ पासून प्लेगच्या सांथी सोसल्या, आणि क्षयानें घरोघरचीं तरुण माणसें नेलेलीं पाहिलीं, त्या समाजाला बारीक होणें म्हणजे संकटाची चाहूलच वाटणार. ‘काय हो, किती वाळलांत!’ या उद्गारांत चौकसपणापेक्षां काळजीच अधिक होती. आतां काळ पालटला आहे. पोटभर खाणाऱ्या घरांतून वजन उतरविणें हा एक उद्योगच झाला आहे. आहाराचे, व्यायामाचे, आणि अलीकडे तर टोंचून घेण्याच्या औषधांचेहि उपाय निघाले आहेत. त्यामुळें जुना काळजीचा उद्गार आणि नवा वाखाणणीचा उद्गार असे दोन्ही एकाच मनुष्याला एकाच दिवशीं ऐकावे लागतात. आणि ज्याचें अंग उपायानें नव्हे तर दुखण्यानें किंवा चिंतेनें उतरलें आहे, त्याचेंहि अभिनंदन होऊन जातें.

संस्कृत ग्रंथांतहि या विषयाचे उल्लेख आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘अष्टौनिन्दितीय’ नांवाचा अध्याय आहे. शरीरामुळें लोकनिंदेला पात्र होणारीं आठ प्रकारचीं माणसें त्यांत सांगितलीं आहेत: अति उंच व अति ठेंगणा, अति केसाळ व केशहीन, अति काळा व अति गोरा, अति स्थूल व अति कृश. त्यांपैकीं शेवटच्या दोघांचा विचार ग्रंथकार पुढें विस्तारानें करतो, आणि दोहोंत कृशता बरी असा निर्णय देतो. लोक शरीराला नांवें ठेवतात, ही गोष्ट त्या प्राचीन वैद्यानें गृहीतच धरली होती, हें अध्यायाच्या नांवावरूनच दिसतें.

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त तर राजा दुष्यंताच्या उतरलेल्या अंगाविषयीं दोनदां उद्गार आले आहेत. दुसऱ्या अंकांत सेनापति त्याला पाहतो, तेव्हां तो मृगयेच्या श्रमानें कृश झालेला आहे. सहाव्या अंकांत कंचुकी पाहतो, तेव्हां तो पश्चात्तापानें झिजलेला आहे. दोघेहि एकच गोष्ट टिपतात, कीं अंग उतरलें तरी राजाची शोभा उणावलेली नाहीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, कृशता तीच, परंतु एकदां तिच्यामागें उल्हास आहे आणि एकदां दुःख. नुसत्या डोळ्यांना हा भेद दिसत नाहीं. दुसरी अशी कीं, दोघेहि हा उद्गार दुरूनच काढतात, आणि मग जवळ जाऊन राजाचा जयजयकार करतात. त्याच्या तोंडावर ते हें बोलत नाहींत. राजाच्या वाट्याला आलेली ही सभ्यता सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचितच येते. त्याला लोक तोंडावर बोलतात, आणि वर उत्तराची वाट पाहत उभे राहतात.

हें उत्तर किती प्रकारचें असूं शकतें, तें पाहण्यासाठीं यूरोपांतील दोन जुनीं उदाहरणें अगोदर घेऊं. व्हेनिसच्या राज्यांत पादुआ शहरीं राहणारा लुईजी कोर्नारो हा थोर घराण्यांतला गृहस्थ तरुणपणीं खाण्यापिण्यांत स्वैर वागला आणि चाळिशीच्या सुमारास मरणाच्या दारीं जाऊन पोंचला. वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें आहार मोजून घेण्यास आरंभ केला आणि तो पूर्ण बरा झाला. म्हातारपणीं त्याचा रोजचा आहार १२ औंस अन्न आणि १४ औंस द्राक्षमद्य एवढाच असे. पण घरचीं माणसें आणि स्नेही स्वस्थ बसेनात. एवढ्याशा अन्नावर म्हातारें शरीर कसें टिकणार, असें तीं पुनःपुन्हा म्हणूं लागलीं. प्रेमाच्या माणसांना दुखवूं नये म्हणून कोर्नारोनें अन्न १४ औंसांवर व मद्य १६ औंसांवर नेलें. थोड्याच दिवसांत त्याचा स्वभाव चिडखोर झाला, कुशींत कळ उठली, आणि मग ३५ दिवस ताप राहिला. पूर्वीच्या मापावर परत आल्यावरच तो उठला. १५५८ सालीं छापलेल्या मिताहारावरील आपल्या निबंधांत त्यानें स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. दोन औंस अन्नानेंच हें सर्व घडलें, असें आजचा वैद्य कदाचित् म्हणणार नाहीं. पण जिव्हाळ्याच्या आग्रहापुढें ‘नको’ म्हणणें किती कठीण असतें, याचा हा चांगला दाखला आहे. वाढपी समोर उभा असतां ज्यानें पंक्तींत पानावर आडवा हात धरला असेल, त्याला तें वेगळें सांगावयास नको.

दुसरें उदाहरण याच्या अगदीं उलट आहे. इंग्लंडांत लेस्टर येथील तुरुंगाचा अधिकारी डॅनियल लँबर्ट (१७७०–१८०९) हा आपल्या काळीं अवाढव्य देहासाठीं देशभर प्रसिद्ध होता. त्याचें वजन ७३९ रत्तल, म्हणजे सुमारें ३३५ किलो भरलें होतें. लोक नाहीं तरी पाहावयास येतातच, मग फुकट कां, अशा विचारानें १८०६ सालीं तो लंडनला आला आणि पिकॅडिली भागांत बिऱ्हाड करून माणशीं एक शिलिंग घेऊन लोकांना भेटूं लागला. त्याची एक आख्यायिका सांगतात. एका पाहुण्यानें त्याच्या कोटाची किंमत विचारली. लँबर्ट बोलेना, तेव्हां पाहुणा म्हणाला, कीं माझ्या शिलिंगांतूनच आपला पुढचा कोट होणार, तेव्हां विचारण्याचा मला हक्क आहे. त्यावर लँबर्टनें सांगितलें, कीं त्या कोटाचा कोणता तुकडा आपल्या शिलिंगाचा, हें मला कळेल तर तो मी आधींच कापून टाकीन. उत्तर बिनतोड खरें. पण असें उत्तर वेळेवर सुचण्यास लँबर्टची हजरजबाबी बुद्धि हवी, आणि विचारणारा कायमचा दुखावला तरी चालेल अशी तयारी हवी. ज्याला उद्यां त्याच माणसांच्या घरीं हळदीकुंकवाला किंवा मुंजीला जावयाचें आहे, त्याला हें शस्त्र फारसें उपयोगी नाहीं.

एकानें लोकांच्या बोलण्यापुढें मान तुकविली, दुसऱ्यानें बोलणाऱ्याला गप्प केलें. यांहून निराळा मार्ग ज्याला सांपडला, तो विल्यम बँटिंग हा ना सरदार होता, ना विनोदी पुरुष. तो लंडनमधील सेंट जेम्स रस्त्यावरचा, अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यापारी होता. शवपेटी, गाड्या, काळीं वस्त्रें, यात्रेचा क्रम हें सर्व पाहणारा इंग्लंडांत एक स्वतंत्र धंदाच आहे, आणि बँटिंग घराण्याकडे राजकुटुंबाचें हें काम होतें. तिसरा जॉर्ज (१८२०) आणि चौथा जॉर्ज (१८३०) या राजांच्या, ड्यूक ऑफ वेलिंग्टन (१८५२) याच्या, आणि व्हिक्टोरिया राणीचा पति प्रिन्स आल्बर्ट (१८६१) याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था याच पेढीनें पाहिली. या धंद्यांत चूक क्षम्य नसते आणि बोलणें मोजकें ठेवावें लागतें. शोकाकुल घरांत काय बोलावें यापेक्षां काय बोलूं नये, हेंच अधिक शिकावें लागतें. पन्नास वर्षें असें काम करून बँटिंग निवृत्त झाला होता. नियमितपणा, काटेकोरपणा आणि टापटीप यांची आपल्याला स्वभावतःच ओढ आहे, असें तो स्वतः सांगतो.

त्याच्या आईबापांपैकीं कोणीहि स्थूल नव्हतें. परंतु तिशी उलटल्यापासून याचें अंग सुटत गेलें. एका शस्त्रवैद्य स्नेह्यानें व्यायाम सांगितला, म्हणून तो रोज सकाळीं दोन तास नदींत नाव वल्हवूं लागला. स्नायु बळकट झाले, पण भूक इतकी वाढली कीं तिच्याबरोबर वजनहि वाढलें, आणि शेवटीं त्याच स्नेह्यानें वल्हीं ठेवून देण्यास सांगितलें. मग समुद्रस्नानें झालीं, घोड्यावर बसणें झालें, लेमिंग्टन, चेल्टनम व हॅरोगेट येथील आरोग्यदायक झऱ्यांचें पाणी झालें, औषधें तर बाटल्यांच्या हिशेबानें झालीं. तुर्की पद्धतीच्या पन्नास बाष्पस्नानांनीं अवघे सहा रत्तल उतरले. १८६२ च्या ऑगस्टमध्यें या पांच फूट पांच इंच उंचीच्या वृद्ध गृहस्थाचें वजन २०२ रत्तल, म्हणजे सुमारें ९२ किलो होतें. बुटाचे बंद बांधण्यास त्याला वांकतां येत नसे. जिना उतरतांना सांध्यांना हिसका बसूं नये म्हणून तो पाठमोरा, सावकाश उतरे.

शरीराचे हे हाल त्यानें थोडक्यांत सांगितले आहेत. मनाचे हाल सांगतांना मात्र त्याची लेखणी जरा रेंगाळते. सभास्थानीं, सार्वजनिक वाहनांत, रस्त्याच्या गर्दींत निर्दय व अविचारी लोक जें बोलतात, तें कोणत्याहि स्थूल मनुष्याला लागल्यावांचून राहत नाहीं, असें तो लिहितो. बसावयास पुरेशी जागा न मिळण्याचा संकोच आणखी वेगळाच. म्हणून असा मनुष्य, जेथें चार लोक जमतात आणि आपल्यावर बोलणीं होण्याचा संभव असतो, तेथें जाणेंच शक्य तों टाळूं लागतो. ज्याच्या पेढीनें राजांच्या अंत्ययात्रा पार पाडल्या, त्याला गाडींत चढतांना लोकांच्या नजरेची धास्ती वाटावी, यावरून या बोलण्याची धार कळते. बोलणारा घरीं जाऊन विसरतो. ऐकणारा मात्र वर्षानुवर्षें आपला रस्ता बदलून चालतो.

पुढें त्याला ऐकूं कमी येऊं लागलें, म्हणून तो विल्यम हार्वी नांवाच्या कानाच्या शस्त्रवैद्याकडे गेला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा सतराव्या शतकांतला विल्यम हार्वी तो हा नव्हे. या हार्वीनें पॅरिसमध्यें क्लोद बेर्नार या थोर शास्त्रज्ञाचीं यकृत व मधुमेह यांवरचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. बहिरेपणाचें मूळ त्याला स्थूलतेंत दिसलें आणि त्यानें बँटिंगचा आहारच बदलला. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे बंद केले. मांस, मासे, इतर भाज्या, थोडीं फळें आणि दूधसाखरेवांचूनचा चहा यांस परवानगी दिली. त्यांबरोबर क्लॅरेट नांवाच्या मद्याचे पेले मात्र चांगले सढळ हातानें सांगितले होते, त्यामुळें पथ्याची ही यादी वाचून आमच्या पुष्कळ वाचकांना हंसूं येईल. हार्वीची उपपत्ति आज कोणी जशीच्या तशी मानणार नाहीं, आणि एकाला मानवलेलें पथ्य सर्वांना मानवतें असेंहि नाहीं. येथें त्या पथ्याची शिफारस करावयाची नाहीं. त्यानंतर जें घडलें तें महत्त्वाचें आहे.

वजन उतरूं लागलें. खतावणींत नोंद व्हावी तशी बँटिंगनें त्याची तारीखवार नोंद ठेवली: १८६२ च्या ७ सप्टेंबरला २०० रत्तल, २४ डिसेंबरला १८४, १८६३ च्या ८ एप्रिलला १७३, १ जुलैला १६१, २६ ऑगस्टला १५६. एका वर्षांत ४६ रत्तल, म्हणजे सुमारें २१ किलो वजन गेलें आणि कमरेचा घेर सव्वाबारा इंचांनीं कमी झाला. ऐकूंहि बरें येऊं लागलें. जिना तो आतां चारचौघांसारखा उतरूं लागला.

त्याबरोबर लोकांच्या बोलण्याची दिशाहि बदलली. ओळखीचे सर्व लोक त्याला म्हणूं लागले, कीं आपलें रूप किती सुधारलें, प्रकृति कशी ठणठणीत दिसते. यावर बँटिंगनें जें लिहून ठेवलें आहे, त्याहून शहाणपणाचें या विषयावर माझ्या तरी वाचनांत आलेलें नाहीं. त्याचा आशय असा आहे: माझें रूप सुधारलें असें सर्व ओळखीचे म्हणतात, तो ज्याच्या त्याच्या मताचा किंवा स्नेहभावाचा भाग असूं शकेल, परंतु मला शरीरानें व मनानें बरें वाटतें, अंगांत जोर आला आहे, भूक चांगली लागते आणि झोंप चांगली येते, एवढें मी प्रामाणिकपणें सांगूं शकतों.

या साध्या उत्तरांत एक सूक्ष्म विवेक आहे. रूपाचा निवाडा त्यानें पाहणाऱ्याकडे ठेवला. ‘छे छे, कसलें काय’ असें म्हणून तो झिडकारला नाहीं, आणि ऐकून हुरळूनहि गेला नाहीं. स्नेहानें दिलेली वस्तु स्नेहानें घेतली, एवढेंच. प्रकृतीचा निवाडा मात्र त्यानें स्वतःकडे ठेवला, कारण झोंप येते कीं नाहीं हें ज्याचें त्यालाच ठाऊक असतें. हा विवेक वरवर दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. आजची वाखाणणी जो सर्वस्वीं खरी मानतो, त्याला कालची थट्टाहि खरी होती असें मानणें भाग पडतें. दोन्हींचा उगम एकाच ठिकाणीं, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. आणि उद्यां वजन पुन्हा चढलें, तर लोकांनीं दिलेला हा मान लोक परत मागून नेतात. बँटिंगनें आपलें समाधान अशा ठिकाणीं ठेवलें कीं जेथून तें दुसऱ्याला उचलून नेतां येणार नाहीं.

श्रेयाच्या बाबतींतहि तो असाच सरळ वागला. एवढें पथ्य वर्षभर पाळलें म्हणून आपल्या निग्रहाची बढाई मारणें सोपें होतें. त्यानें हार्वीचे पुनःपुन्हा आभार मानले, आणि नेहमींची फी दिल्यावर आणखी ५० पौंड त्याच्या हातीं ठेवले. हार्वीला प्रिय असलेल्या रुग्णालयांना ते वाटावे, अशी त्याची इच्छा होती.

राहतां राहिले ते ‘हें केलें तरी कसें’ असें विचारणारे. त्यांच्यासाठीं त्यानें १८६३ सालीं एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचें नांव ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’, म्हणजे स्थूलतेविषयीं जनतेस पत्र. पहिली आवृत्ति त्यानें स्वतःच्या खर्चानें छापून फुकट वाटली. वर सांगितलेली बहुतेक हकीकत तिच्यांतलीच आहे. पुस्तिकेचा गुण असा कीं, जो मागतो त्याला ती मिळते, आणि ज्याला नको आहे त्याला ती रस्त्यांत गांठून उपदेश करीत नाहीं. तिच्यांत स्थूलतेला त्यानें फार कडक शब्द लावले आहेत. पण स्थूल माणसाविषयीं एकहि उपहासाचा शब्द नाहीं. मागणी वाढली तसे प्रश्न विचारणारीं पत्रें शेंकड्यांनीं येऊं लागलीं. पुढें पुस्तिका विकत मिळूं लागली, आणि १८६९ पर्यंत तिची चौथी आवृत्ति निघाली.

प्रसिद्धीबरोबर टीकाहि आली, आणि ती मऊ नव्हती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें या अवैद्याला वैद्यकाच्या लेखनांत लुडबुड न करण्याविषयीं सुनावलें. ‘ब्लॅकवुड्स मॅगेझिन’नें १८६४ मध्यें त्याच्यावर लांबलचक उपरोधिक लेख लिहिला. ‘पंच’ या विनोदी पत्राला तर पर्वणीच सांपडली. बँटिंग हें नांव त्याच्या थट्टेचा नेहमींचा विषय झालें. जो मनुष्य गर्दींतल्या दोन शब्दांना भिऊन लोकांत जाणें टाळीत होता, त्याची आतां छापील थट्टा देशभर वांचली जाऊं लागली. तो येथें खचला असता किंवा चवताळला असता, तर नवल नव्हतें. त्यानें दोन्ही केलें नाहीं. नव्या आवृत्तींत नवी माहिती घातली, वैद्याचें नांव सांगितलें, आणि आपल्यापाशीं विद्वत्ता नसून केवळ अनुभव आहे, ही भूमिका सोडली नाहीं. पैशासाठीं हा खटाटोप चालला आहे असें कोणास वाटूं नये म्हणून विक्रीचा नफा धर्मादाय संस्थांना देऊन त्याचा हिशेबहि त्यानें छापला. थट्टेला थट्टेनें उत्तर दिलें असतें तर ती चार दिवस अधिक वाढली असती. जमाखर्चाच्या आंकड्यांची थट्टा करणें मात्र ‘पंच’लाहि जड गेलें असेल.

या हकीकतींत एक उपरोध आहे, तो लपवून चालणार नाहीं. बँटिंगचें आडनांव इंग्रजींत क्रियापद होऊन बसलें. पथ्यानें वजन उतरविणें म्हणजे ‘बँटिंग करणें’. जर्मन लोकांत ‘बँटिंगकूर’ या नांवानें त्याचें पथ्य गाजलें, आणि स्वीडिश भाषेंत वजन उतरविण्याला ‘बांता’ हें क्रियापद आजहि रूढ आहे. म्हणजे लोकांच्या शेऱ्यांनीं पोळलेल्या या मनुष्याच्या नांवानें लोकांना शेरा मारण्यास एक नवा शब्द मिळाला. लठ्ठ मनुष्य दिसला, कीं ‘तुम्ही बँटिंग कां करीत नाहीं?’ असें विचारण्याची सोय झाली. हितासाठीं दिलेलें औषध टोचणीसाठीं वापरण्याची कला समाजाला उपजतच येते. परंतु त्याचा दोष बँटिंगकडे जात नाहीं. जो एकेकाळीं स्थूल होता, तोच कृश झाल्यावर स्थूलांचा सर्वांत कठोर टीकाकार होतो, हें आपण आजूबाजूला पुष्कळदां पाहतों. आपल्या वाट्याचे घाव मोजून दुसऱ्याला परत करावे, अशी कांहींशी ती वृत्ति असते. बँटिंगनें घाव मोजले, पण ते पुढच्याला दिले नाहींत. अंगावरचे ४६ रत्तल गेले, तरी ज्यांना गाडींत बसावयास जागा मिळत नाहीं त्या माणसांतून तो मनानें कधीं उठला नाहीं. माझ्या मतें त्याच्या सौजन्याचें खरें माप हें आहे.

१८७८ सालीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं तो लंडनमध्यें वारला. त्याच्या घराण्याची पेढी पुढेंहि चालली, आणि १९०१ मध्यें खुद्द व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा तिनेंच पाहिली. पण जग आज विल्यम बँटिंगला ओळखतें तें त्यानें पोंचविलेल्या राजांमुळें नव्हे, तर त्यानें उतरविलेल्या वजनामुळें. आणि त्या वजनाविषयीं लोकांशीं तो ज्या रीतीनें बोलला, ती रीति मात्र बहुतेक विसरली गेली आहे.

ती रीति अजून उपयोगी पडण्यासारखी आहे. ज्याचें वजन प्रयत्नानें उतरलें, त्याला ‘आपल्याला बरें वाटलें, आनंद आहे, मलाहि हलकें वाटतें’ एवढें पुरे. ज्याला उपाय विचारला जातो, त्यानें ठाऊक असेल तें सांगावें आणि वैद्याचें नांव द्यावें. आणि ज्याचें अंग आजारानें, शोकानें किंवा घरांतल्या एखाद्या न सांगण्यासारख्या चिंतेनें उतरलें आहे, त्याला तर बँटिंगच्या विवेकाचा आधार सर्वांत मोठा आहे. दिसण्याविषयींचें बोलणें बोलणाऱ्याकडे राहूं द्यावें, ‘आपण आस्थेनें विचारलेंत, आभारी आहें’ असें म्हणून विषय बदलावा. आंतली गोष्ट सांगण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं, आणि न सांगण्यांत खोटेपणाहि नाहीं. विचारणाऱ्यालाहि यांतून कांहीं घेण्यासारखें आहे. समोरच्याचें अंग मृगयेनें उतरलें आहे कीं पश्चात्तापानें, हें आपल्याला दुरून कळत नाहीं. अशा वेळीं दुष्यंताच्या सेनापतीनें आणि कंचुकीनें केलें तेंच आपण करावें: मनांत आलें तें मनांतच ठेवून जवळ जावें, आणि क्षेमकुशल विचारावें.